गांडुळाची कैफियत

अमरकोशाच्या वारिवर्गात खेकडा, कासव, सुसर, मगर अशा जलचरांची नावे सांगता सांगता कोशकार एका क्षुद्र प्राण्यापाशी येतात आणि त्याची तीन नावे नोंदवून पुढे जातात : महीलता, गण्डूपद व किञ्चुलक. पहिले नाव फार सुंदर आहे. महीलता म्हणजे भूमीतील वेल. दुसऱ्या नावाशी आपल्या ‘गांडूळ’ या शब्दाचे साम्य कानाला सहज जाणवते. याच प्राण्याला मराठीत कोठे दानवे म्हणतात, कोठे काडू म्हणतात. रसशास्त्रात तो भूनाग होतो आणि त्याच्यापासून भूनागसत्त्व काढण्याची कृती रसरत्नसमुच्चयात दिलेली आढळते. कोशकार, वैद्य आणि शेतकरी या तिघांच्याही दृष्टीला हा प्राणी फार पूर्वीच पडला होता. तथापि शेतीचा सहायक म्हणून त्याची ओळख यांपैकी एकाही नावात उमटलेली नाही.

धर्मशास्त्राने त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात आपत्काळी कोणती वृत्ती पत्करावी याचा विचार चालला असता शेतीविरुद्ध एक आक्षेप नोंदविलेला आहे. कित्येक लोक शेतीला चांगली म्हणतात खरे, परंतु लोखंडी तोंडाचे ते लाकूड भूमीला आणि भूमीत राहणाऱ्या जीवांना मारते. म्हणून सज्जनांनी ती वृत्ती निंद्य मानली, असा त्या आक्षेपाचा आशय. महाभारताच्या शांतिपर्वात तुलाधार व जाजली यांच्या संवादातही हाच विचार येतो. भूमीत निजणारे ते ‘भूमिशय’ जीव. त्यांत गांडूळ आलेच. नांगराखाली सापडणाऱ्या या मुक्या प्राण्याबद्दल आपल्या शास्त्रकारांना दया वाटली, हे भूषणच होय.

शेतीच्या ग्रंथांतून दुसरी एक गोष्ट दिसते. ‘कृषिपराशर’ या जुन्या संस्कृत ग्रंथात शेणखताचा विधी सांगितला आहे. माघ महिन्यात शेणाच्या ढिगाची पूजा करावी, तो कुदळीने उकरावा, उन्हात वाळवून बारीक करावा, फाल्गुनात शेतोशेती खड्डे करून त्यांत पुरावा आणि पेरणीच्या वेळी ते खत पसरावे. खताच्या ढिगाची पूजा करणारा समाज मातीला तुच्छ लेखणारा नव्हता.

एका ग्रंथात भूमिशय जीवाविषयी दया आहे, दुसऱ्यात खताविषयी पूज्यबुद्धी आहे. या दोहोंना जोडणारा दुवा असा की, कुजलेला पाला व शेण यांची माती करण्याचे पुष्कळसे काम तो भूमिशय जीवच करतो. हा दुवा पुराव्याने सिद्ध होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. सिद्धता इंग्लंडात झाली. परंतु तिच्यातून निघणारा व्यवहार शिकविण्यात ज्या मोजक्या ठिकाणांचा वाटा मोठा आहे, त्यांत होळकरांचे इंदूर हे एक आहे. तो इतिहास आपल्या वाचकांना ठाऊक असावा म्हणून हा लेख. देवळाच्या आवारात, कुळागरात आणि घरामागच्या परसात पाला-निर्माल्याचे काय करावयाचे, याचा निर्णय आपण रोज घेत असतो. तो समजून उमजून घ्यावयाचा तर हा इतिहास उपयोगी पडेल.

प्रथम फिर्याद ऐकू. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज माळी गांडुळाला उपद्रवी समजत. हिरवळीवर आणि बागेतील वाटांवर ते मातीचे ओंगळ ढीग घालते आणि कोवळी रोपे खाते, असा त्याच्यावर आरोप होता. चुन्याचे पाणी ओतून त्याला मारण्याचा प्रघात होता. या फिर्यादीला पहिले समर्थ उत्तर सेलबर्न या खेड्यातील गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्र्याने दिले. १७७७ च्या मे महिन्यातील एका पत्रात त्याने लिहिले की, सृष्टीच्या साखळीतील ही कडी दिसावयास तुच्छ असली तरी ती तुटली तर मोठे खिंडार पडेल. गांडुळे जमीन पोखरून भुसभुशीत करतात, पावसाचे पाणी व वनस्पतींची मुळे यांना वाट करून देतात, पाने व काड्या आत ओढून नेतात, आणि त्यांच्या विष्ठेचे असंख्य लहान ढीग धान्याला व गवताला उत्तम खत होतात, असे त्याचे निरीक्षण होते. व्हाइटचा पत्रसंग्रह १७८९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील विचार बरोबर होता. उणीव होती ती मोजमापाची.

मोजमाप केले चार्ल्स डार्विन यांनी. ‘बीगल’ जहाजावरील जगप्रवासाहून ते १८३६ मध्ये परतले आणि पुढे स्टॅफर्डशायरमधील मेअर येथे आपले मामा जोसाया वेजवुड यांच्याकडे गेले. (पुढे १८३९ मध्ये याच मामांची कन्या एमा हिच्याशी त्यांचा विवाह झाला, दक्षिणेतील वाचकांना या नात्याचे नवल वाटणार नाही.) मामांनी त्यांना आपल्या कुरणातील एक चमत्कार दाखविला. काही वर्षांपूर्वी गवतावर पसरलेला चुना व कोळशाची राख आता वर दिसत नव्हती. खणून पाहता काही इंच खाली तिचा अखंड थर लागत होता. हे काम गांडुळांचे असावे, अशी कल्पना मामांनीच सुचविली. गांडुळे खालची माती खातात आणि वर येऊन विष्ठेच्या रूपाने टाकतात. वर पडलेली वस्तू अशा रीतीने हळूहळू बुजत जाते. १ नोव्हेंबर १८३७ रोजी डार्विन यांनी लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळापुढे या विषयावर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय २८ वर्षांचे होते.

या निबंधावर पुढे आक्षेप निघाला. १८६९ मध्ये फिश नावाच्या एका लेखकाने बागकामाच्या नियतकालिकात लिहिले की, इतका दुबळा आणि इतका लहान प्राणी एवढे प्रचंड काम करील हे संभवत नाही. आक्षेपाचे स्वरूप आम्हा वकिलांच्या चांगले परिचयाचे आहे : पुरावा काय आहे ते न पाहता ‘हे शक्यच नाही’ असे म्हणावयाचे. डार्विन यांनी वाद घातला नाही. ते पुरावा गोळा करीत राहिले. केंट परगण्यातील डाउन या गावी ते १८४२ मध्ये राहावयास गेले. त्याच वर्षी २० डिसेंबर रोजी घराजवळच्या एका शेतावर त्यांनी खडूच्या दगडाचे तुकडे पसरविले, ते कालांतराने किती खाली जातात हे पाहण्याकरिता. त्यानंतर ते थांबले. १८७१ च्या नोव्हेंबरअखेर, म्हणजे २९ वर्षांनी, तेथे चर खणला तेव्हा खडूचा थर ७ इंच खाली सापडला. दर वर्षाला पाव इंचाहून थोडे कमी असे हे प्रमाण पडते. जवळच एक शेत इतके दगडाळ होते की डार्विन यांची मुले त्याला दगडांचे शेत म्हणत. १८४१ नंतर ते नांगरले गेले नाही. तीस वर्षांनी त्यावर घोडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दौडत गेला तरी नालाला एकही दगड लागत नसे.

इतका धीर धरून केलेला पुरावा विज्ञानाच्या इतिहासात विरळा. शेवटी १८८१ च्या ऑक्टोबरमध्ये गांडुळांविषयीचे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. मामांच्या कुरणापासून या पुस्तकापर्यंत ४४ वर्षे लोटली होती. पुढल्याच वर्षी, १९ एप्रिल १८८२ रोजी, डार्विन वारले. हे त्यांचे अखेरचे पुस्तक. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दर वर्षी दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या शरीरातून जाऊन पृष्ठभागावर येते, असा हिशेब त्यांनी त्यात मांडला. हेन्सेन या जर्मन शास्त्रज्ञाने बागेच्या जमिनीत एकरी ५३,७६७ गांडुळे असल्याचा अंदाज केला होता, तोही त्यांनी विचारात घेतला. स्टोनहेंजचे पडलेले पाषाण आणि जुन्या रोमन घरांच्या फरश्या भूमीत कशा गाडल्या गेल्या, याचा उलगडाही त्यांनी याच कारणाने केला. फिश यांच्या आक्षेपाला त्यांचे उत्तर एवढेच होते की, सतत घडत राहणाऱ्या लहान कारणाची बेरीज करण्याची सवय माणसाला नाही.

त्या पुस्तकातील प्रयोग वाचताना या गंभीर पुरुषाचे घर डोळ्यांपुढे उभे राहते. कुंड्यांतून गांडुळे ठेवून मुलाने त्यांच्यापुढे बासून नावाचे सुषिर वाद्य फुंकले, पियानो वाजविला गेला. गांडुळांनी दखल घेतली नाही. परंतु त्याच कुंड्या पियानोवर ठेवून सूर काढताच ती बिळात शिरली. त्यांना कान नाहीत, कंप मात्र कळतो, हे यावरून ठरले. बिळाचे तोंड बुजविण्यासाठी ती पाने ओढून नेतात ती कोणत्या टोकाने, हेही मोजले गेले. २२७ पानांपैकी १८१ पाने टोकाकडून ओढलेली आढळली. आत ओढण्यास सोपे जाते ते हेच टोक. तेव्हा या प्राण्यास थोडी समज असावी, असे अनुमान डार्विन यांनी केले.

या पुस्तकात हिंदुस्थानची साक्षही आहे. कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातून आलेल्या मनोऱ्यासारख्या विष्ठेचे चित्र त्यात आहे, आणि नीलगिरी पर्वतातून डॉ. किंग यांनी पाठविलेल्या एका प्रचंड ढिगाचेही आहे. आपल्याकडील गांडुळे वेगळ्या कुळांची आहेत आणि आपल्या ऋतुमानाप्रमाणे वागतात. उन्हाळ्यात जमीन वाळली की ती खोल जाऊन निपचित पडतात आणि पहिल्या पावसाबरोबर वर येतात. स्टीफन्सन यांनी १९२३ मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत त्यांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, आणि १९२६ मध्ये लखनौचे प्राध्यापक कर्म नारायण बहल यांनी ‘फेरेटिमा’ या हिंदी गांडुळाच्या शरीररचनेवर जो प्रबंध लिहिला, त्यावर प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या पोसल्या गेल्या.

येथे गांडूळ मातीचे काय करते ते थोडक्यात सांगितले पाहिजे. त्याला दात नाहीत. कुजलेला पाला व माती ते एकत्र गिळते. पक्ष्यांप्रमाणे त्याला पेषणी असते, तीत हे सर्व बारीक दळले जाते. आतड्यात त्याचा चिकट स्रावाशी व असंख्य सूक्ष्म जंतूंशी संयोग होतो. बाहेर पडते ते पाण्यात सहसा न विरघळणाऱ्या कणांच्या रूपाने. १९४४ मध्ये अमेरिकेतील कनेटिकट येथे लंट व जेकबसन यांनी ही विष्ठा शेजारच्या वरच्या सहा इंच मातीशी ताडून पाहिली. तीत नायट्रेटच्या रूपातील नत्र पाचपट, पिकाला घेता येईल असा स्फुरद सातपट आणि पालाश अकरापट आढळले. यावरून गांडूळ नवा पालाश निर्माण करते असे मात्र समजू नये. मातीत व पाल्यात जे अडकून पडलेले असते ते मोकळे करून वनस्पतीच्या हाती देणे, एवढेच त्याचे काम. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, हा न्याय गांडुळालाही लागू आहे. दुसरे काम बिळांचे. त्यांतून हवा खेळते, पाणी मुरते आणि मुळे उतरतात. आपल्या धो धो पावसात, विशेषतः घाटाखालच्या तांबड्या जमिनीत, पाणी वाहून न जाता मुरणे किती मोलाचे असते हे बागाईतदारास सांगावयास नको.

आता इंदूरकडे वळू. अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ चा, डार्विन यांच्याच श्रॉपशायर परगण्यातला. १९०५ मध्ये ते बिहारातील पुसा येथील सरकारी कृषिसंस्थेत वनस्पतितज्ज्ञ म्हणून रुजू झाले. त्यांच्या पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या आणि दोघांनी सर्व संशोधन बरोबरीने केले. प्रत्येक पिकाचा आणि प्रत्येक रोगाचा वेगळा तज्ज्ञ, ही पद्धत हॉवर्ड यांना पटेना. मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थाने यांच्या साह्याने १९२४ मध्ये इंदुरास एक संस्था उभी राहिली, होळकर दरबाराने तिला ३०० एकर जमीन दिली, आणि हॉवर्ड दांपत्य तिचे काम पाहू लागले. माळव्याची जमीन काळी व चिकण; पावसात ती लोण्यासारखी होते आणि हवा कोंडते. तिला मोकळी करावयाची तर कुजलेले सेंद्रिय द्रव्य पुष्कळ हवे. शेण तर चुलीत जाते. तेव्हा उरलेल्या काडीकचऱ्याचे खत कसे करावे, हा प्रश्न होता.

त्याचे उत्तर म्हणून जी कृती सिद्ध झाली ती ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेली. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि २ ते ३ फूट खोल खड्डा. त्यात पिकांची धाटे, तण व पाला यांचे थर. त्यांवर गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती, लाकडाची राख आणि शेणकाला. कपाशीच्या टणक पऱ्हाट्या आधी रस्त्यावर टाकून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. ढीग ओला राहिला पाहिजे परंतु चिंब होता कामा नये, आत हवा गेली पाहिजे, आणि तीनदा उलथापालथ झाली पाहिजे. सुमारे तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार होई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून तेव्हा ढीग जमिनीवर रचीत. यातील कोणतीही वस्तू विकत आणावी लागत नव्हती. चिनी शेतकऱ्यांच्या शेकडो वर्षांच्या रीतीपासून हॉवर्ड यांनी पुष्कळ घेतले होते आणि ते त्यांनी मोकळेपणाने सांगितले. १९३१ मध्ये ऑक्सफर्डने या कृतीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या नावाबरोबर त्यांचे संस्थेतील सहकारी यशवंत वाड यांचे नाव आहे, ही गोष्ट मराठी वाचकांनी विसरू नये. गॅब्रिएल १९३० मध्ये निवर्तल्या होत्या. हॉवर्ड त्याच सुमारास हिंदुस्थान सोडून गेले. १९३५ साली महात्मा गांधी इंदुरास आले असता त्यांनी ही खतपद्धत जाऊन पाहिली आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून तिची माहिती लोकांपुढे ठेवली.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी बराच घोटाळा दिसतो. इंदूर पद्धतीचा ढीग आणि गांडूळखताचे वाफे या दोन वेगळ्या वस्तू होत. ढीग रचल्यावर त्याची उष्णता ६० अंशांच्याही वर जाते. तेथे गांडूळ जगणार नाही. तेथील काम प्रथम बुरशीचे व नंतर सूक्ष्म जंतूंचे. गांडुळाचा प्रवेश होतो तो ढीग निवाल्यावर, आणि विशेषतः ते खत शेतात पडल्यावर. इंदूर पद्धत म्हणजे गांडुळाला आमंत्रण देण्यापूर्वी रांधलेला स्वयंपाक, असे म्हणता येईल. हॉवर्ड यांना हा संबंध पुरता ठाऊक होता. १९४५ मध्ये डार्विन यांचे गांडुळांवरील पुस्तक लंडनला पुन्हा छापले गेले तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिली हॉवर्ड यांनीच. इंदूरच्या काळ्या मातीत शिकलेला मनुष्य डाउनच्या कुरणातील पुराव्याचे पुढे काय करावयाचे ते सांगत होता : मातीला अन्न घाला, कामकरी आपणहून येतील.

निवाडा करताना प्रतिपक्षाचेही ऐकावे लागते. रासायनिक खते गांडुळांना मारतात, असे हॉवर्ड आग्रहाने लिहीत. इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथे शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेल्या प्रयोगांवरून यात सत्य किती ते कळते. तेथील पार्क ग्रास नावाच्या कुरणात १८५६ पासून प्रयोग चालू आहेत. चुना न देता वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट टाकलेल्या वाफ्यांत जमीन आंबट झाली आणि गांडुळे नाहीशी झाली. उलट ज्या शेतात शेणखत पडत राहिले तेथे ती विपुल आढळली. बेताने दिलेल्या रासायनिक खताने पीक वाढून काडीकचरा अधिक पडला तर गांडुळे वाढतातही. म्हणून हॉवर्ड यांचा आरोप सरसकट मान्य करता येत नाही. परंतु मातीला सेंद्रिय अन्न न देता केवळ क्षार देत राहिल्यास हा प्राणी तेथे टिकत नाही, हा मुख्य मुद्दा अबाधित राहतो.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत गांडूळखताचा आपल्याकडे मोठा प्रसार झाला. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांची विटांच्या जाळीदार टाक्याची ‘नॅडेप’ पद्धत याच सुमारास खेडोपाडी पोचली. तीही कुजविण्याचीच पद्धत, इंदुरी पद्धतीची धाकटी बहीण. गांडूळखताच्या वाफ्यांत मात्र बहुधा दोन परदेशी जाती वापरल्या जातात : युरोपातील आयसेनिया फेटिडा आणि आफ्रिकेतील यूड्रिलस युजेनी. आपली देशी पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस हीही या कामी चालते. या तिन्ही जाती पृष्ठभागावरील शेण व पाला खाणाऱ्या आहेत. जमिनीत खोल बिळे करणारी आणि माती खाणारी गांडुळे निराळी. वाफ्यातील गांडुळे मूठभर आणून कोरड्या, उघड्या वाफ्यात सोडली तर ती काही दिवसांत मरतात किंवा निघून जातात. मग माळी म्हणतो की गांडुळांचा उपयोग झाला नाही. दोष गांडुळांचा नसतो. त्यांना खावयास काही ठेवलेले नसते.

परक्या जातींच्या बाबतीत उत्तर अमेरिकेचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या तेथील उत्तरेकडच्या अरण्यांत देशी गांडुळे नव्हतीच. युरोपीय वसाहतींबरोबर आलेली गांडुळे तेथे पसरली आणि झाडांखालचा पाल्याचा जाड थर फस्त करू लागली. त्या थरावर अवलंबून असलेली रोपे व जीव त्यामुळे संकटात आले. जे डाउनच्या कुरणात उपकारक ते तेथे उपद्रवी ठरले. देश, काल व पात्र पाहूनच दान द्यावे, हा आपला जुना नियम येथेही बरोबर लागतो. सह्याद्रीत अन्यत्र कोठेही न आढळणाऱ्या गांडुळांच्या जाती आहेत. त्यांच्या शेजारी परकी जात सोडताना विचार करावा. परकी गांडुळे वाफ्यातच ठेवावी आणि बागेत खत तेवढे न्यावे.

कायद्यानेही या खताची दखल घेतली आहे. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात २००६ मध्ये सेंद्रिय खतांचा समावेश झाला आणि गांडूळखताकरिता ओलावा, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश व जड धातू यांची प्रमाणे ठरविली गेली. ग्राहकाची फसवणूक टळावी म्हणून हे योग्यच झाले. परंतु कायदा मोजतो ते पोत्यातील खत. बागेतील जमीन जिवंत आहे की नाही, हे मोजण्याचे काम तिच्या मालकाकडेच राहते, आणि त्याला प्रयोगशाळेची गरज नाही. पहिल्या पावसानंतर आठ-पंधरा दिवसांनी एक फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट खोल खड्डा खणून त्यातील गांडुळे मोजावी आणि दर वर्षी त्याच सुमारास, त्याच जागेजवळ मोजीत जावे. आकडा वाढतो की घटतो, एवढे पाहिले म्हणजे पुरे.

हा आकडा आज आपल्या देवळांच्या आवारांत घटत असावा, अशी शंका घेण्यास सबळ कारणे आहेत. अंगणे फरसबंद व सिमेंटची झाली. पिंपळाच्या पाराभोवती माती उरली नाही. पडलेला पाला झाडून जाळला जातो. जी मातीत जावयाची ती पाने राख होतात आणि ज्यांनी ती नेली असती ते जीव उपाशी मरतात. फुले, दूर्वा, बेल व तुळस यांचे निर्माल्य पिशव्यांत कोंबून तळीत किंवा नदीत सोडले जाते. निर्माल्य पायदळी येऊ नये, एवढ्यासाठी ते वाहत्या पाण्यात विसर्जन करण्याची रीत पडली. ज्या काळी नद्या वाहत्या होत्या व फुले मोजकी होती त्या काळी ती शोभली. आज साचलेल्या पाण्यात कुजणाऱ्या ढिगाने देवाचा मान राहतो असे कोणता धर्मनिष्ठ मनुष्य म्हणेल? उलट घरचे निर्माल्य तुळशीच्या किंवा मोठ्या झाडाच्या मुळाशी ठेवण्याची रीत पुष्कळ घरांतून आजही आहे. भूमीला अर्पण करणे हेही विसर्जनच.

माळव्यातील देवस्थानांनी या बाबतीत पाऊल पुढे टाकले आहे. उज्जयिनीचे महाकालेश्वराचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी पुन्हा उभे केले. सारस्वत वाचकांना हे नाव जवळचे वाटेल. त्या मंदिरातील निर्माल्याचे आज खत होते. इंदुरास खजराण्याच्या गणेशमंदिरातही तशी व्यवस्था आहे. ज्या नगरीने जगाला खताची पद्धत दिली तेथे ती देवाच्या दारी परत यावी, हे उचितच झाले. गोव्यातील व सीमाभागातील आपल्या देवस्थानांच्या महाजनांना ही गोष्ट अशक्य नाही. जागा लागते ती थोडी, आणि नारळी-पोफळीच्या कुळागरांत पाला मुळाशी घालण्याची वहिवाट तर पूर्वापार आहे.

कृती सोपी आहे. प्लास्टिक, दोरे, जरी, कापूर व अगरबत्तीच्या काड्या वेगळ्या काढाव्या. फुले-पाने सुकलेल्या पाल्यात व शेणात मिसळून सावलीत रचावी आणि ढीग प्रथम निवू द्यावा. ताज्या शेणाच्या उष्णतेने गांडुळे मरतात. वाफा दीड फुटापेक्षा उंच नसावा. वर गोणपाट घालून ओलावा राखावा, मुठीत दाबल्यास पाणी गळू नये इतपतच. उष्णता ३५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. मुंग्या, उंदीर व कोंबड्या यांपासून राखावे. तेल, मीठ व शिजलेले अन्न टाकू नये. दोन-तीन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे खत मिळते. ते बागेत घालून वर पाल्याचे आच्छादन करावे आणि मग जमीन वारंवार खणू नये. फावड्याने तुटलेल्या गांडुळाची दोन गांडुळे होतात ही समजूत खोटी आहे; बहुधा ते मरते. मनुस्मृतीतील आक्षेप येथे पुन्हा आठवावा.

आपल्या पूर्वजांनी या प्राण्याला दया दिली, डार्विन यांनी त्याला श्रेय दिले, इंदूरच्या प्रयोगशेतीने त्याच्या अन्नाची तजवीज कशी करावी ते शिकविले. आपल्या वाट्याला जे काम उरते ते यांपैकी सर्वांत हलके आहे. यंदा फाल्गुनात देवळाच्या आवारातील पानगळ सुरू होईल तेव्हा तिला काडी लावावयाची की झाडांच्या बुंध्याशी पसरावयाची, हे महाजनांच्या एका बैठकीत ठरविता येईल. पसरविली, तर मृगाच्या पावसानंतर त्या जागी खणून पाहावे. गांडुळाची कैफियत तेथे वाचावयास मिळेल.